पदवीदान आणि निफाडचा पहिला पदवीधर

कॉलेजातलं पदवीदान आठवलं की मला हटकून न्यायमूर्ती रानडे आठवतात. १८४२ सालचा त्यांचा जन्म कुठला? आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा! १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि १८६२ साली बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक असे मोजून चार जण. नाशिकच्या पोरांना पदवीसाठी मुंबई-पुणं गाठावं लागे तो काळ.

१९४९ साली पुणे विद्यापीठ झालं. पुढे गावोगावी कॉलेजं आली, आणि आपल्या नामपूरच्या मोसम खोऱ्यातली पोरं घरून डबा घेऊन बी.ए., बी.कॉम. करू लागली. माझ्या मते खरी क्रांती हीच. रानड्यांनाही ती पटली असती.

माझ्या पदवीदान समारंभाच्या वेळी आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. कॉलेजच्या हॉलमध्ये आई पहिल्यांदाच आली, नखांत अजून वावरातली माती. प्रमाणपत्र तिने उलटंसुलटं करून पाहिलं, पदराने पुसलं आणि विचारलं, "आता हे लॅमिनेशन करायचं ना?" (करू नका! पडताळणीला त्रास होतो. साध्या फाईलीत ठेवा.)

यंदा पदवी घेणाऱ्यांनो, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी आधी ताडून बघा, चूक असेल तर लगेच कॉलेजच्या ऑफिसात अर्ज द्या. आणि समारंभाला घरच्यांना घेऊनच जा, कांदा एक दिवस थांबेल.