काच नवी, नजर जुनी

धुळ्याकडून सुरतेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरून नंदुरबार जिल्ह्यात येतो आणि विसरवाडी, चिंचपाडा, नवापूर अशी गावे मागे टाकत गुजरातच्या हद्दीला भिडतो. या पट्ट्यातले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. खडी आणि मुरूम वाहणारे डंपर हे इथले रोजचे दृश्य. डंपरच्या चाकाखालून उडालेला हरभऱ्याएवढा खडा ऐंशीच्या वेगातल्या मोटारीच्या काचेवर आदळला की टिक पडते. मे महिन्यात बाहेरून तापलेली काच, आतून एसीचा गार झोत. त्या टिकेची बघता बघता हातभर चीर होते आणि काच बदलण्यावाचून इलाज उरत नाही. आजवर हे काम सरळ होते. जुनी काच कापून काढायची, चौकटीवर गोंद ओढायचा, नवी काच बसवायची, गोंद वाळू द्यायचा आणि शेवटी पाण्याचा पाइप मारून कुठे गळत नाही ना ते बघायचे. पाणी आत आले नाही की काम पास. माझे म्हणणे असे, की ज्या मोटारीच्या काचेमागे कॅमेरा आहे तिच्यासाठी ही परीक्षा अपुरी आहे. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन होऊन त्याचा अहवाल हातात पडेपर्यंत काच बदलून झाली असे मानूच नये, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर हा नियम मोठ्या शहरापेक्षाही कटाक्षाने पाळावा.

हा कॅमेरा आरशाच्या मागे बसलेला असतो आणि काचेच्या वरच्या काळ्या पट्टीत सोडलेल्या स्वच्छ चौकोनातून रस्ता बघतो. पुढचे वाहन झपाट्याने जवळ आले तर तो इशारा देतो, चालकाचा पाय ब्रेकवर पडला नाही तर मोटार स्वतः ब्रेक लावते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा नकळत ओलांडला जात असेल तर स्टिअरिंग हलकेच मागे ओढले जाते. या सगळ्या सोयींना मिळून बाजारात ‘ॲडास’ म्हणतात. आपल्याकडे २०२० साली एमजी ग्लोस्टर आणि २०२१ साली महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांनी ती आणली. २०२३ मध्ये व्हर्ना, हॅरियर, सफारी, सेल्टॉस, एलिव्हेट अशा गाड्यांतून ती मध्यमवर्गीय घराच्या अंगणात पोहोचली. तिला दिखाऊ म्हणून झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अपघातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा इशारा आणि आपोआप ब्रेक या दोन्ही सोयी असलेल्या गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून धडक देण्याचे प्रकार सुमारे निम्म्याने कमी झालेले आढळले. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक आणि पट्टा राखण्याची सोय सक्तीची केली. काही गाड्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला पुढच्या बाजूला रडार असते. होंडाच्या सिटी हायब्रिड आणि एलिव्हेटमध्ये हे सारे काम एकटा कॅमेरा करतो. म्हणजे तिथे काच हा डोळ्यापुढचा एकमेव पडदा आहे.

आता हिशेब करून पाहू. आपल्याकडे दुपदरी रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद धरतात आणि मोटार असते सुमारे १.८ मीटर. मोटार अगदी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना ८५ सेंटिमीटर उरतात. कॅमेरा डावीकडे किंवा उजवीकडे फक्त एक अंश वळलेला असेल तर ५० मीटर पुढची वस्तू त्याला ८७ सेंटिमीटर बाजूला दिसते. एवढ्याने शेजारच्या मार्गिकेतली दुचाकी आपल्या वाटेत आलेली वाटू शकते, किंवा वाटेतली दुचाकी बाजूची समजून सोडून दिली जाऊ शकते. कॅमेरा वर-खाली कलला तर गोष्ट आणखी बिघडते. एकच कॅमेरा असला की पुढचे वाहन किती लांब आहे याचा अंदाज, इतर खुणांबरोबर, त्या वाहनाची चाके क्षितिजाच्या किती खाली टेकलेली दिसतात यावरून बांधतात. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला ५० मीटरवरची चाके क्षितिजाखाली जेमतेम दीड अंशावर दिसतात. त्यात अर्ध्या अंशाची चूक आली तर नुसत्या त्रिकोणमितीने ५० मीटर हे अंतर ७५ मीटर भासते. वाहनाचा आकार किती वेगाने मोठा होतो आहे हेही यंत्रणा बघते, रडार असेल तर ते वेगळे मोजते, म्हणून प्रत्यक्ष चूक दर वेळी एवढी होत नाही. तरी प्रमाण लक्षात यावे: ताशी ८० किलोमीटर वेगात २५ मीटर म्हणजे एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ, आणि आपोआप ब्रेकचे सगळे मोल त्या सेकंदात आहे.

काच बदलल्यावर एवढा फरक पडतो कुठून, हे कळायला कारागिराचे काम जवळून बघावे लागते. पुढची काच म्हणजे मध्ये लवचिक पापुद्रा घालून जोडलेल्या दोन काचा. कॅमेरा अडकवायची खोबण बहुतेक गाड्यांत थेट या काचेवर चिकटवलेली येते, म्हणजे काच बदलली की कॅमेऱ्याची बैठकच बदलते. त्यात गोंदाचा थर एका कडेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड झाला तर आख्खी काच तेवढी कलते. कॅमेऱ्यासमोरच्या चौकोनात काचेची जाडी किंवा वक्रता किंचित वेगळी असली तर प्रकाश वेगळ्या कोनातून आत येतो. ते आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. त्याच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात कॅमेरा नसतो. त्या प्रकाराची काच चौकटीत बरोबर बसेल, पण तिच्यावर खोबण नसेल. अशा काचेवर खोबण वरून चिकटवून काम भागवणे हा सर्वांत घातक शॉर्टकट. गोंदाचाही स्वभाव सांभाळावा लागतो. हा युरेथेनचा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला श्रावणापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. उन्हात लवकर वाळतो हा समज इथे चालत नाही. गोंदाच्या डब्यावर दिलेला वेळ होण्याआधी गाडी खड्ड्यात आपटली तर काच सरकते आणि तिच्याबरोबर कॅमेराही.

मग येते कॅलिब्रेशन. त्याचे दोन प्रकार आहेत आणि कोणत्या गाडीला कोणता हे कंपनी ठरवते. काहींना दोन्ही लागतात. पहिल्यात गाडी सपाट मजल्यावर उभी करतात, टायरची हवा नेमकी भरतात, डिकीतले सामान काढतात, चाकांची सरळ रेषा तपासतात. मग गाडीच्या मध्यरेषेवर, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर आणि उंचीवर ठरावीक नक्षीचा फलक उभा करतात. फलक कुठे आहे हे यंत्रणेला आधीच ठाऊक असते. कॅमेऱ्याला तो कुठे दिसतो ते ती बघते आणि दोन्हींतला फरक दुरुस्ती म्हणून साठवून ठेवते. गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो, तसाच हा प्रकार. दुसऱ्या प्रकारात स्कॅनर जोडून गाडी ठरावीक वेगाने, स्पष्ट पांढरे पट्टे असलेल्या रस्त्यावर, यंत्रणा ‘झाले’ म्हणेपर्यंत चालवतात. या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की दुरुस्तीला मर्यादा असते. कॅमेरा त्या मर्यादेपलीकडे कललेला असेल तर यंत्रणा कॅलिब्रेशन नाकारते. म्हणजे चुकीची काच, तिरकी खोबण, कमी-जास्त गोंद हे दोष इथे पकडले जातात. पाण्याच्या पाइपने जे कधीच कळले नसते ते फलक सांगतो. काच बसवणाऱ्या चांगल्या कारागिराने या परीक्षेला घाबरू नये, उलट तीच त्याच्या हाताची साक्ष आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक. हे पटण्यासारखे वाटते, पण दिवा लागतो तो यंत्रणेला स्वतःचा दोष कळला तर. कॅमेऱ्याची तार निघाली, चित्र येईनासे झाले, काचेवर चिखल बसला तर तिला कळते. चित्र स्वच्छ आहे पण अर्धा अंश कललेले आहे, हे तिला कळेलच अशी खात्री नाही, कारण ती त्या चित्राच्याच आधारे जग मोजते आणि तिच्याजवळ साठवलेली दुरुस्ती अजून जुन्या काचेची आहे. याच धर्तीचे दुसरे म्हणणे असते, की नव्या गाड्या चालता चालता स्वतःला जुळवून घेतात. घेतात, काही प्रमाणात. भार वाढला, स्प्रिंग दबली अशा हळूहळू होणाऱ्या फरकांसाठी ती सोय उपयोगी पडते. पण काच बदलल्यावर कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत कॅलिब्रेशन सांगितलेले असेल, तर ‘आपोआप होते’ हे दुकानदाराचे उत्तर त्या पुस्तिकेपेक्षा मोठे ठरत नाही.

खरा विचार करायला लावणारा आक्षेप इथल्या रस्त्यांवरून येतो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जा, किंवा शहाद्याहून तोरणमाळ चढा. पट्टे कुठे आहेत? जिथे पट्टाच नाही तिथे पट्टा बघणाऱ्या कॅमेऱ्याची नजर नीट असली काय आणि नसली काय, असे लोक विचारतात. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. सातपुड्यातल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर मार्गिका राखण्याची सोय फारशी कामाची नाही आणि तिथे ती बंद ठेवणे शहाणपणाचे. पण कॅमेऱ्याचे दुसरे काम पट्ट्यांवर अवलंबून नसते. शहादा तालुक्यात ऊस कारखान्याकडे निघाला की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बऱ्याच वेळा मागे दिवाही नसतो आणि परावर्तकही नसतो. नवापूरच्या महामार्गावर बंद पडलेला ट्रक दगड लावून उभा असतो. अशा वेळी हेडलाइटच्या उजेडात जे काही दिसेल त्यावरून ब्रेक लावायचा की नाही हे ठरते, आणि तिथे अंतराचा अंदाज सव्वा-दीडपट चुकणे परवडणारे नाही. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. वाट मोकळी असताना कललेल्या नजरेने मोटार एकाएकी ब्रेक लावते आणि मागून येणारा डंपर थांबू शकत नाही. रस्ते खराब म्हणून कॅलिब्रेशन सोडा, असे म्हणणाऱ्याने हेही पाहावे की जिथे पट्टे नाहीत तिथे चालवत करायचे कॅलिब्रेशन पूर्णच होणार नाही. धडगावच्या मालकाला त्यासाठी महामार्गाच्या नीट रंगवलेल्या तुकड्यावर यावे लागेल, आणि मुसळधार पावसात तेही जमायचे नाही. म्हणून काच घालण्याआधी विचारायचे: या गाडीला कोणता प्रकार लागतो आणि तो तुमच्याकडे होतो, की धुळे, नाशिक किंवा सुरतेला जावे लागेल?

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. काचेचा खर्च, वरून कॅलिब्रेशनचा, त्यात शंभर-दीडशे किलोमीटर जाणे-येणे आणि एक दिवस मोडणे. गाडीवर भाडी मारणाऱ्याला तर तो दिवस कमाईचा असतो. त्यामुळे शोरूमचा हा पैसे काढायचा नवा बहाणा असावा, असा संशय येतो. त्या संशयाला उत्तर आहे ते कागदावर. कॅलिब्रेशनचा अहवाल स्कॅनरमधून निघतो. त्यात गाडीचा क्रमांक, तारीख आणि काम यशस्वी झाल्याची नोंद असते. अहवाल दिला नाही तर पैसे देऊ नयेत, इतके साधे आहे ते. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत. काचेबरोबर कॅलिब्रेशनची ओळ अंदाजपत्रकात आधीच दाखवून सर्वेक्षकाकडून मंजूर करून घेतली तर नंतरचा वाद टळतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र सगळा भार मालकावर. खर्च टाळायला ‘ॲडास बंदच ठेवू’ असे ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की बऱ्याच गाड्यांत आपोआप ब्रेकची सोय बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताच ती परत चालू होते. शिवाय ती गाडी उद्या विकली जाईल, आणि घेणारा त्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवूनच जास्त पैसे मोजेल.

एक लहानशी गोष्ट, जी हमखास राहून जाते: जुन्या काचेबरोबर फास्टॅग जातो. तो सोलून काढला की निकामी होतो आणि नवा घ्यावा लागतो. नवा चिकटवताना तो, किंवा देवाचा स्टिकर, कॅमेऱ्याच्या चौकोनासमोर येणार नाही हे बघितले पाहिजे. आरशाला लटकवलेला हारही त्याच रांगेतला.

हा विषय मोटारींपुरता राहणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये बस आणि मालवाहू वाहनांसाठी आपोआप ब्रेक, मार्गिका सोडल्याचा इशारा आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. एसटीच्या बसची पुढची काच मोटारीपेक्षा कितीतरी मोठी, आणि दगड खाण्याचे प्रसंगही तिच्यावर जास्त. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा या आगारांत अशा बस येतील तेव्हा काच बदलायला दोन माणसे आणि गोंद पुरणार नाही. बसच्या लांबीइतका आणि तिच्यापुढे फलक उभा राहील इतका सपाट, छताखालचा मजला लागेल, एक स्कॅनर लागेल आणि तो चालवायला शिकलेला तंत्रज्ञ. आगारांच्या नूतनीकरणाचे आराखडे होतात तेव्हा ही जागा त्यात आताच धरून ठेवावी; एकदा काँक्रीट उताराने ओतले की तो मजला पुन्हा सपाट करायला कोणी पैसे देत नाही.