प्रकाशतंतू आणि एका अक्षराचा फरक

विदर्भातील अनेक कुटुंबांनी सिकलसेलचे दुःख सोसले आहे. बीटा-ग्लोबिन जनुकात 'ए' या अक्षराच्या जागी 'टी' आलेले असते. असे जनुक आईवडील दोघांकडूनही आले की हा आजार होतो. एवढा सूक्ष्म बदल टिपण्यासाठी संशोधक काचेचा प्रकाशतंतू वापरू पाहतात. तंतूचा काही भाग बारीक करून त्यावर डीएनएची एकेरी साखळी बसवतात. नमुन्यातील जोडीची साखळी तिला बिलगली, की तंतूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट बदलतो. अक्षर न जुळल्यास पकड सैल राहते.

हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. आजार मात्र घरात आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे हा दोष नव्हे. म्हणून आज उपलब्ध असलेली रक्तचाचणी विवाहापूर्वीच करून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.