जुना ट्रक आणि खंडाळ्याचा उतार

मावळात तांदूळ, फुले, खडी, विटा यांची ने-आण करणाऱ्याला ट्रक हवाच असतो. नवा परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण जुना घेतात. हल्ली तर दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे पाहूनही सौदा ठरतो. छायाचित्रात रंग दिसतो, टायर दिसतात, चालू इंजिनाचा आवाजही ऐकवता येतो. परंतु जो ट्रक आजवर सपाट मुलखात धावला, तो खंडाळ्याचा घाट भरल्या ओझ्याने सुखरूप उतरेल काय? याचे उत्तर शोधण्यास शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे 500 मीटर खाली उतरतो. समजा, मालासह ट्रकचे वस्तुमान 16,000 किलोग्रॅम आहे. त्याची स्थितिज ऊर्जा किती कमी होईल? वस्तुमान, गुरुत्व त्वरण व उंची यांचा गुणाकार करा: 16,000 × 9.8 × 500, म्हणजे 7 कोटी 84 लाख ज्यूल. ट्रक वर जितक्या वेगाने निघाला तितक्याच वेगाने खाली पोचला, तर ही सारी ऊर्जा वाटेत कोठेतरी टाकून द्यावी लागते. एवढ्या उष्णतेने 25 अंशांचे सुमारे 250 लिटर पाणी उकळीस येईल! घाट उतरण्यास 20 मिनिटे लागली असे धरले, तर दर सेकंदाला 65 हजार ज्यूल बाहेर टाकावे लागतात. घरातील 2 किलोवॉटचे बत्तीस गीझर एकदम चालू केल्यासारखेच हे झाले.

आता सर्व काम ब्रेकवरच सोपवले असे समजू. चाकांबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चार ड्रमांचे वस्तुमान मिळून 200 किलोग्रॅम आणि बिडाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे 460 घ्या. भागाकार केला की तापमानातील वाढ येते सुमारे 850 अंश! प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता वाहून नेतो, टायरांचे घर्षण व हवेचा रोध यांचाही हातभार लागतो, त्यामुळे ड्रम इतके तापत नाहीत. पण 300 अंशांची वाढसुद्धा घातक ठरू शकते. एक तर फार तापलेल्या लायनरचे घर्षण घटते. दुसरे असे, की ड्रम प्रसरण पावतो. 400 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 300 अंशांनी तापला तर त्याचा व्यास 1.3 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे तो ब्रेक शूपासून दूर सरकतो. चालक पायाने जोर लावत राहतो आणि गाडी मात्र थांबत नाही.

जुन्या ट्रकची खरी मेख इथे आहे. झिजून चरे पडलेला ड्रम लेथवर तासून पुन्हा गुळगुळीत करतात. प्रत्येक वेळी थोडे बीड जाते. वस्तुमान 15 टक्के घटले की तेवढ्याच उष्णतेने तापमान 18 टक्के जास्त चढते. (का, ते स्वतः काढून पाहा.) म्हणून चाक काढून ड्रमचा आतला व्यास मोजावा व कारखान्याने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहावा. कोणत्याही छायाचित्रात हे माप दिसत नाही.

याच घाटातून 1863 साली रेल्वे सुरू झाली. तिचा चढ 37 ला 1. ताबा सुटलेली गाडी उलट चढावर नेणारे आडमार्ग तेथे बांधले गेले. तेथे गतिज ऊर्जेचे पुन्हा स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते. ट्रकला असा आधार क्वचितच मिळतो. त्याचा आधार म्हणजे खालचा गिअर. गिअरमध्ये असताना चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना रोखते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर धुराची वाट अडवून हा रोध आणखी वाढवता येतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा शुद्ध वेडेपणा होय. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल सोडणे थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. शिवाय मंद चालणाऱ्या इंजिनावरचा कंप्रेसर ब्रेकसाठी हवाही सावकाश भरतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातील वाहन 12 महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायचे तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि चासीवर ठोकलेला क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

मग ट्रकजवळ जावे. टाकीत हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे, चाकांना अडण्या लावाव्यात, ब्रेकचे पेडल दाबून धरावे आणि दाबमापकाचा काटा पाहत बसावे. काटा भराभर खाली येऊ लागला तर कोठेतरी गळती आहे. नंतर थोडे ओझे घालून, सारखे ब्रेक लावत काही किलोमीटर फिरून यावे आणि प्रत्येक ड्रमचे तापमान अवरक्त तापमापीने मोजावे. हात मुळीच लावू नये. एकाच आसावरील डावे-उजवे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक ड्रम थंडच राहिला असेल, तर ते चाक ब्रेक धरतच नाही आणि त्याच्या वाट्याची उष्णता बाकीच्या तिघांना सोसावी लागते.