कॅसेटच्या कव्हरवर गाणाऱ्याचा चेहरा

१९८० साली फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ देशभर वाजू लागलं, तेव्हा ते गाणारी नाझिया हसन १५ वर्षांची होती. जन्म कराचीचा, मुक्काम लंडनला. या गाण्याचे संगीतकार बिद्दू हे बंगळुरूचे. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले आणि १९७४ मध्ये कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ची निर्मिती करून ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोचले. लता-आशांचं राज्य असलेल्या त्या काळात नाझियाला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. शाळकरी वयाच्या मुलीला!

पण तरुण श्रोत्यांच्या दृष्टीनं खरी घटना घडली ती पुढच्या वर्षी. १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. त्यामागे सिनेमा नव्हता. ही गाणी कुठल्या नायक-नायिकेची नव्हती, ती गाणाऱ्यांची स्वतःची होती. तोवर सिनेमाच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर नट-नटी झळकायचे आणि गायकांची नावं बारीक टायपात मागे असायची. इथे वेष्टनावर गाणारी भावंडं होती, आणि ती ऐकणाऱ्यांच्याच वयाची होती.

बिगरफिल्मी गाणं मराठी घराला नवं नव्हतं. गजानन वाटव्यांपासून भावगीतांची मोठी परंपरा होती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायण ऐकलेली पिढी घरात होती. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, ‘शिवकल्याण राजा’ आला आणि घरोघरी पोचला. मात्र ही सगळी गाणी घरानं एकत्र बसून ऐकायची होती. आजोबांना न आवडणारं, आईला न कळणारं आणि तरीही आपलंच वाटणारं गाणं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘डिस्को दीवाने’नं दिलं. हे त्याचं मोठं श्रेय आहे.

त्याला साथ मिळाली कॅसेटची. रेकॉर्डप्लेअर दिवाणखान्यात, वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असे. रेडिओ आणि कॅसेटप्लेअर एकत्र असलेला टू-इन-वन मात्र उचलून आतल्या खोलीत किंवा गच्चीवर नेता येई. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेटचे दर खाली आणले. ज्यांना विकत घेणं परवडत नसे ते कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन दुकानात जात आणि गाणी ‘भरून’ घेत. नको असलेलं गाणं ओलांडणंही सोपं नव्हतं. फॉरवर्डचं बटण अंदाजानं दाबा, थांबवा, पुन्हा मागे या. त्यापेक्षा साइड पूर्ण ऐकणं बरं. त्यामुळे अल्बममधली न गाजलेली गाणीही त्या पिढीला पाठ झाली, आणि एक गाणं संपताच पुढच्याचे सूर आजही तिच्या मनात आपोआप सुरू होतात.

नव्वदच्या दशकात केबल आली, पाठोपाठ एमटीव्ही आणि चॅनल व्ही. आता गाण्याला चित्रही लागू लागलं. १९९५ मध्ये बिद्दू पुन्हा आले ते अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ घेऊन. हे गाणं आपण आधी नाझियाला देऊ केलं होतं, असं बिद्दू यांनीच सांगितलं आहे. केन घोष यांच्या व्हिडिओत लाकडी खोक्यातून बाहेर येणारा तरुण होता मिलिंद सोमण. शिवाजी पार्कात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर गाजलेला जलतरणपटू. त्या एका व्हिडिओनं तो घराघरात पोचला.

पुढच्याच वर्षी लकी अलींचा ‘सुनो’ आला. विनोदवीर मेहमूद यांच्या या मुलाचा आवाज किंचित घोगरा, स्वतःशीच गुणगुणल्यासारखा. त्या काळात एखाद्या नायकाला तो आवाज देण्याचा विचार क्वचितच कुणी केला असता. इजिप्तमध्ये चित्रित झालेलं ‘ओ सनम’ पुढे कॉलेजच्या हॉस्टेलांमधून गिटारवर वर्षानुवर्षं वाजत राहिलं. गोड, तयार गळा नसला तरी गाता येतं, हा दिलासा अनेक मुलांना या अल्बमनं दिला.

मुंबईचं जाहिरातविश्वही या लाटेमागे होतं. हरिहरन आणि लेस्ली लुईस या दोघांचीही जिंगल्समध्ये उठबस होती. १९९६ च्या ‘कलोनियल कझिन्स’मध्ये त्यांनी कर्नाटक संगीतातली रचना आणि इंग्रजी ओळी एकत्र आणल्या. १९९९ च्या ‘अब के सावन’चे कवी प्रसून जोशी आणि संगीतकार शंतनू मोईत्रा हेही जाहिरातींतलेच. गायला होत्या शुभा मुद्गल. कुमार गंधर्व आणि जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे शिकलेल्या गायिकेला कॉलेजातली मुलं पावसाच्या गाण्यासाठी ओळखू लागली.

मराठी मुलांचा पाऊस मात्र ‘गारवा’चा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या अल्बममध्ये कविता सौमित्र यांच्या, म्हणजे अभिनेते किशोर कदम यांच्या. चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. कवीनं आधी स्वतःच्या आवाजात बोलायचं आणि त्याच्या शब्दांतूनच गाण्यानं सुरू व्हायचं, अशी त्याची बांधणी. कविता ही पाठ्यपुस्तकातून परीक्षेपुरती भेटणारी वस्तू, असं समजणाऱ्या मुलामुलींनी ती वाचने तोंडपाठ केली, वहीत उतरवली, गॅदरिंगला म्हटली. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ला २००३ पासून जो तरुण श्रोता लाभला, त्याचे कान ‘गारवा’नं आधीच तयार केले होते, असं म्हणायला हरकत नाही.

मग ही लाट ओसरली. चॅनेल्स सिनेमाच्या गाण्यांकडे वळली, २००२ च्या सुमारास जुन्या गाण्यांच्या रिमिक्सना ऊत आला, आणि एका सीडीवर शंभर गाणी देणाऱ्या चोरट्या एमपी-थ्रीनं अल्बम विकत घेण्याचं कारणच संपवलं. नाझिया हसन तर ऑगस्ट २००० मध्येच, वयाच्या ३५ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानं लंडनमध्ये गेली.

यातली गाजलेली गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात. पण कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर कवी, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रक अशी जी नावं छापलेली असत, ती तिथे बहुतेक वेळा दिसत नाहीत. छोट्या कंपन्यांनी काढलेले कित्येक मराठी अल्बम तर पूर्ण स्वरूपात मिळणंही कठीण आहे. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटचा खोका असेल त्यांनी तो या पावसाळ्याआधी खाली काढावा, गाणी संगणकावर उतरवून घ्यावीत आणि आतल्या त्या कागदाचाही फोटो काढून ठेवावा.