पुढून बसलेली गाडी उचलताना

पावसाळा सुरू झाला की रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे आणि चोपड्याच्या कापसाच्या शिवारात जाणारे रस्ते बदलून जातात. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल रुततात आणि मधला उंचवटा जीपगाडीच्या पोटाला घासू लागतो. मग जुन्या बोलेरोचा, क्वालिसचा किंवा सफारीचा मालक फिटरला सांगतो, "पुढून दोन इंच उचलून दे." पण तीच गाडी संध्याकाळी धुळे-जळगाव महामार्गावर वेगाने धावते, लग्नसराईत घरची सगळी माणसं घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढते. म्हणून शेतरस्त्यावर मिळवलेली उंची महामार्गावर आणि घाटात महाग पडू नये, एवढं तरी पाहायलाच हवं.

गैरसमज : गाडी पुढून बसली, म्हणजे उंची वाढवायची वेळ आली.

वस्तुस्थिती : आधी गाडी का बसली ते शोधायचं. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग थकते, लोअर आर्मचे बुश खचतात. पुढे लावलेल्या जड लोखंडी गार्डचं वजनही रोज त्याच स्प्रिंगवर असतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, त्यामुळे ते काढणं दोन्ही बाजूंनी हिताचं. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजावं आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहावं. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा माप बिघडवते. बऱ्याचदा मालकाला हवी असलेली उंची ही गाडीने गमावलेलीच उंची असते.

गैरसमज : टॉर्शन बार आवळला की सस्पेन्शन मजबूत होतं.

वस्तुस्थिती : क्वालिस, पहिली सफारी, २०१० ची थार सीआरडीई अशा गाड्यांना पुढे टॉर्शन बार आहे. ही पोलादाची लांब कांडी. धुतलेलं धोतर पिळावं तशी ती पिळली जाते आणि त्या पिळाच्या जोरावर गाडी तोलून धरते. तिचा कडकपणा ठरतो जाडी, लांबी आणि पोलादावर, ती आवळायच्या बोल्टवर नाही. बोल्ट आवळल्याने फक्त गाडी उभी राहण्याची जागा वर सरकते.

सस्पेन्शनच्या वर-खाली होण्याची एकूण मर्यादा मात्र तेवढीच राहते. गाडी जेवढी वर जाते, तेवढं चाकाचं खाली उतरणं कमी होतं. खड्डा आला की चाक लगेच शेवटच्या टोकाला लटकतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि खडखडाट होतो. मालकाला तो 'कडकपणा' वाटतो. प्रत्यक्षात चाकाची जमिनीवरची पकड सुटत असते. म्हणून बोल्ट आवळायचा तो मूळ मापापर्यंतच, आणि तेही चाकाला खाली उतरायला पुरेशी जागा उरते हे पाहूनच. बार खरोखर थकला असेल तर तो बदलावा. डावा आणि उजवा बार वेगळे असतात, त्यांची अदलाबदल करू नये.

गैरसमज : कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर बसवलं की काम झालं.

वस्तुस्थिती : बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत, आवळायला बोल्ट नाही. वेढ्यांमध्ये रबर कोंबलं की तेवढा भाग दबेनासा होतो आणि त्याचा ताण बाकीच्या वेढ्यांवर येतो. गाडी उंच दिसते, पण धक्के थेट चेसीला आणि बॉलजॉइंटला बसतात. थकलेल्या स्प्रिंगवर इलाज एकच : कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगची जोडी. एकच बाजू बदलली तर गाडी कलते.

गैरसमज : पुढून उचललेली गाडी कुठेच घासणार नाही.

वस्तुस्थिती : पुढचं तोंड वर जातं, बांधावर चढताना बंपर वाचतो, एवढं खरं. पण या गाड्यांचा मागचा अॅक्सल अखंड असतो आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंग कितीही उंच केली तरी जमिनीपासून तेवढाच राहतो. टायरची त्रिज्या वाढली तरच तो वर जातो. चाकोरीतला उंचवटा बहुतेकदा त्यालाच लागतो. तेव्हा चाकोरी सोडून उंचवट्यावर एक चाक ठेवून गाडी चालवणं हाच तिथला उपाय.

गैरसमज : चाकं सरळ दिसतात, मग अलाइनमेंट कशाला?

वस्तुस्थिती : उंची बदलली की चाकाचा कल आणि रोख दोन्ही बदलतात. टायरची एक कड लवकर झिजते, स्टिअरिंग ओढू लागतं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या अॅक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि आधीच खानदेशी उन्हाने कडक झालेले रबरी बूट फाटतात. ब्रेकचा होज चाक पूर्ण लटकल्यावर आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ताणला जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावं. हेडलाइटचा झोतही वर जातो. रात्री महामार्गावर समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून तो पुन्हा खाली बसवावा.

गैरसमज : टॉर्शन बारचा एक बोल्ट फिरवायचा, त्यात काय धोका?

वस्तुस्थिती : त्या बोल्टवर गाडीच्या पुढच्या भागाचा भार असतो. चेसीला जॅक लावून, पक्क्या घोड्यांवर गाडी टेकवून, चाकं लटकती करूनच त्याला पाना लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये. गंजलेल्या बोल्टला आधी गंज सोडवणारं तेल द्यावं, मूळ जागेची खूण करावी, थोडे थोडे फेरे द्यावेत. मग गाडी खाली घेऊन थोडी चालवावी, बसू द्यावी आणि पुन्हा मोजावी. कॉइल स्प्रिंग दाबलेली असताना तारेने बांधून काढणं जिवावर बेतू शकतं. त्यासाठी स्प्रिंग दाबण्याचं योग्य हत्यारच हवं.

गैरसमज : गाडी आपली, बदल आपला.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा धुळ्याची एमएच-१८ असो की जळगावची एमएच-१९, गाडी आरटीओच्या तपासणीला उभी राहतेच. बसलेली गाडी मूळ मापावर आणणं ही दुरुस्ती आहे. लिफ्ट किट लावून ती आणखी उंच करणं हा रचनेतला बदल आहे.

म्हणून गॅरेजमध्ये "दोन इंच उचल" असं सांगू नये. "कंपनीच्या मापावर आण, बुश, बॉलजॉइंट आणि शॉकअप तपास, शेवटी अलाइनमेंट आणि लाइट बघ," असं सांगावं. या कामाला थोडा जास्त खर्च आणि एक दिवस जास्त लागेल. पण घाटाच्या वळणावर घरच्या सगळ्यांचा भार ज्या चाकांवर येतो, त्यांची पकड शाबूत राहील.