न दिसणारी गळती : संशय आणि अनुमान

विंचूरला बोलायचं म्हणजे पाण्यावर बोलायला हवं. निफाड तालुक्यातलं हे गाव कांदा-द्राक्षांचं. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढे इथे वाईन पार्क झालं. म्हणजे मळ्यातली ठिबकची नळी आणि वाईनच्या टाकीभोवती फिरणारं थंड द्रावण, दोन्ही आपल्या ओळखीची. दोन्हींत गळती लपून राहते. सेकंदाला एक थेंब गळला तर वर्षाला साधारण दीड हजार लिटर जातात.

आधी आमच्या घरची गोष्ट. एका उन्हाळ्यात आमची टाकी रोज सकाळी अर्धी रिकामी मिळायची. आम्ही घरातल्यांनी मनोमन ठरवून टाकलं, मागच्या खोलीतले भाडेकरू रात्री पाणी भरतात. तोंडावर कोणी बोललं नाही, पण आमचं त्यांच्याशी बोलणंच कमी झालं. शेवटी गळती निघाली आमच्याच न्हाणीघराच्या फरशीखाली! आम्ही माफी मागितली, त्यांनी चहा दिला. पूर्वीची मोकळीक मात्र परत आली नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि घरी नुसता संशय घेतला.

आता असं बघा. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन 'शेषवत्' अनुमान सांगतात : नदीला पूर दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. कार्यावरून कारण. याच शब्दाचा ते दुसराही अर्थ देतात : संभवणाऱ्या शक्यता एकेक खोडायच्या, उरेल ती खरी. गळती शोधायला हे दोन्ही लागतात.

पहिल्या रात्री मोटार बंद, सगळे नळ बंद, टाकीवर पातळीची खूण करायची. सकाळी पातळी उतरली तर गळती आहे, माणूस नाही. दुसऱ्या रात्री टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा. तरीही उतरली तर दोष टाकीत. नाही उतरली तर पाईपात. व्हॉल्व्ह पक्का बसतो ना, हे आधी बघा, नाहीतर फसगत होते. मग लाईनचे निम्मे निम्मे भाग बंद करत जायचं. आठ भाग असले तर तीन चाचण्यांत जागा सापडते. संडासच्या फ्लशटाकीत थोडा रंग टाका. फ्लश न करता पाव तासात खाली रंग उतरला तर आतलं वायसर गेलं.

वाईनच्या टाक्यांना दुहेरी भिंत असते. तिच्यातून पाणी आणि ग्लायकॉलचं थंड द्रावण फिरतं. इथे पातळी उतरली म्हणजे गळतीच, असं नाही. द्रव गार झाला की आकसतो. नैयायिक ज्याला 'उपाधी' म्हणतात ती ही. म्हणून दोन्ही वेळा सारख्याच तापमानाला मोजायचं. दरवेळी नुसतं पाणी ओतून पातळी भरली तर ग्लायकॉल पातळ होतं, थंडीत गोठायचा धोका वाढतो, आणि गळती झाकली जाते. ग्लायकॉलचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर मोजता येतं. द्राक्षाची साखर मोजणाऱ्यांना हे यंत्र नवं नाही, फक्त पट्टी ग्लायकॉलची हवी. भिंतीला सुईएवढं छिद्र पडलं तर द्रावण थेट वाईनमध्ये जाऊ शकतं. म्हणून खाद्य दर्जाचं प्रोपिलीन ग्लायकॉलच वापरावं; एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

दुरुस्तीचं म्हणाल, तर रबराची पट्टी गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पीव्हीसीचा खराब तुकडा कापा, कपलर लावा, सोल्युशन पूर्ण वाळू द्या. मग पाणी सोडून रात्रभर पुन्हा खूण बघा. तोवर चारी बुजवू नका.

आणि ज्याच्यावर संशय येतो, त्याच्याशी त्या दोन रात्री तरी नेहमीसारखं बोला. आम्हाला तेवढंच जमलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.