दुडकी चाल आणि चार पंजे

आधी पंजे, मग फाटक, हा आमच्याकडचा नेम आहे. सायकल बाहेर काढल्याची चाहूल लागली की तांबी अंगणात नाचू लागते. ती कारवानी, म्हणजे पळण्यासाठीच जन्मलेली कुत्र्यांची जात. मी पायरीवर बसतो आणि तिचा एकेक पाय दुमडून पंजा उलटा करून बघतो. चार बोटांखाली चार लहान गाद्या, त्यांच्यामागे एक मोठी, तिकोनी. वरची काळी कातडी खरखरीत. अंगठ्याने दाबली की आतली चरबी लवते. ही चरबी पावलापावलाचा दणका झेलते. कातडी सगळीकडे सारखीच खरखरीत लागली तर पंजा धड आहे. एखादी जागा गुळगुळीत लागली, काळ्यातून गुलाबी दिसू लागलं, तर तिथे ती झिजली आहे. त्या दिवशी सायकल परत आत जाते आणि आम्ही मातीच्या वाटेने चालून येतो.

कुत्र्याला सायकलसोबत पळवताना दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये. हिसका बसला की सगळा भार नरड्यावर येतो. छातीवर बसणारा हार्नेस घ्यावा, आणि दोरी हँडलला न बांधता सीटखालच्या दांड्याला, स्प्रिंग असलेल्या जोडणीने लावावी. मांजर आडवं गेलं की हँडलला बांधलेल्या दोरीने पुढचं चाक वळतं आणि दोघंही पडतात. सीटखाली बसलेला हिसका सायकलस्वाराच्या वजनात जिरतो. कुत्रा डावीकडे ठेवावा. आपल्याकडे वाहनं उजवीकडून पुढे जातात, सायकलची चेनही उजवीकडेच असते. डावीकडचा कुत्रा दोन्हींपासून लांब राहतो.

सुरुवातीचं अंतर मी सायकल हातात धरून चालतो. तिचं शी-शू उरकतं, अंग मोकळं होतं. मग सायकलवर बसतो आणि तिची दुडकी चाल लागेपर्यंत हळूहळू वेग वाढवतो. या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम टेकतो, मग दुसरी जोडी. पाठ सपाट राहते, मान स्थिर राहते, आणि नखांचा आवाज ठरावीक ठेक्यात ऐकू येतो. हा ठेका मोडला की खाली बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो. ती चौखूर उधळली, तर माझा वेग जास्त झाला आहे. चौखूर धावताना पाय डांबरावर जोराने घासतात आणि गाद्या तिथेच सोलवटतात.

जर्मनीत सायकलसोबत कुत्रा पळवणं परीक्षेच्या शिस्तीने पाहिलं जातं. तिथल्या वाहतूक नियमांत सायकल चालवताना कुत्र्याला दोरीने सोबत नेण्याची स्पष्ट मुभा आहे. जर्मन शेफर्डसारख्या जातींसाठी दमसासाची परीक्षा असते: सायकलसोबत 20 किलोमीटर, ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने. मधे सक्तीच्या विश्रांती असतात आणि परीक्षक कुत्र्यांचे पंजे सोलवटलेत का, हे तपासतात. 16 महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेशच नाही. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. पिल्लाला सायकलसोबत पळवू नये, यामागे हेच कारण आहे.

आपल्याकडे पंजाचा पहिला शत्रू ऊन. हवा 25 अंशांची असली तरी भर उन्हातलं डांबर 50 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला सोसवत नसेल तर कुत्र्यालाही सोसवणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून उन्हाळ्यात पंजांना बूट चढवून दुपारी पळवणं हा उपाय नव्हे. पहाटे निघावं, ऊन चढायच्या आत परतावं. खडीच्या वाटेवर किंवा बरी होत आलेली जखम झाकायला बूट उपयोगी पडतात. अलास्कातल्या इडिटारॉड या सुमारे 1600 किलोमीटरच्या स्लेज शर्यतीत तर दर कुत्र्यामागे आठ बूट बाळगण्याचा नियम आहे.

पावसाळ्यात गाद्या भिजून मऊ पडतात आणि लवकर चिरतात. पाऊस सरला की पुण्याच्या टेकड्यांवर गवत वाळतं आणि कुसळांचे दिवस येतात. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरलं की उलट फिरत नाही, आतच सरकत जातं. सराट्याचा काटा निदान दिसतो, कुसळ दिसत नाही. घरी आल्यावर मी प्रत्येक बेचकं बोटांनी फाकवून पाहतो, पंजे साध्या पाण्याने धुतो आणि कोरडे पुसतो. गादीला बारीक भेगा असतील तर कोकमतेलाचा पातळ हात फिरवतो. कुत्रा पंजा चाटणारच, म्हणून माणसांची औषधी मलमं लावू नयेत. एकच बेचकं तो सारखं चाटत असेल किंवा तिथे सूज दिसली, तर घरी टोकरत न बसता पशुवैद्याकडे न्यावं.

गाद्या घट्ट होतात, पण त्याला आठवडे लागतात. आधी माती, मग थोडं डांबर, मग अंतर, या क्रमाने वाढवावं. पोट भरलेलं असताना पळवू नये. वाटेत थांबून थोडं थोडं पाणी पाजावं.

कुत्रा दमला तरी थांबत नाही. पंजा सोलवटला तरी तो धावत राहतो, कारण तुमच्यासोबत राहणं त्याला वेदनेपेक्षा मोठं वाटतं. थांबायचं कधी, हे ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे पूर्णपणे सायकलवर बसलेल्या माणसाची आहे. ती घेण्याची तयारी असेल तरच त्याला सायकलला जोडा, आणि ब्रेक नेहमी थोडा लवकर दाबा.